फिक्स गेलं, फ्लोट आलं : कळंबोलीच्या नाल्यावरच्या सहा संध्याकाळी

२१ मार्च २०२४ च्या सकाळी ऑफिसात नाल्याचा लाँग सेक्शन, म्हणजे लांबीभरच्या तळाच्या उंचीचा आलेख काढला, तर चेनेज ४२० ला (सुरुवातीपासून ४२० मीटरवर) तळ २.३१ मीटर आणि ४४० ला २.७२. म्हणजे वीस मीटरच्या अंतरात पाण्याने एक्केचाळीस सेंटिमीटर चढायचं, तेही धारण तलावाकडे जाताना. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. पावसाळ्यात भरतीच्या वेळी शहराचं पाणी आधी या तलावांत साठतं आणि ओहोटीला खाडीत सुटतं. इथे नाल्याचा उतार इतका बेताचा असतो की पाच सेंटिमीटर चुकले तरी एखाद्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. एक्केचाळीस म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती.

आमची खारघरमधली चार माणसांची सर्वेची फर्म. मी, एक सर्वेअर मुलगी आणि मोजपट्टी-पोल धरणारे दोन स्टाफमन. काम पावसाळ्यापूर्वीचं : कळंबोलीतल्या एका सर्व्हिस रोडलगतच्या नाल्याचे तळ आणि काठाचे लेव्हल घ्यायचे. दिवसा तिथे लोखंड बाजाराचे ट्रेलर तीन-तीनच्या रांगेत उभे असतात, पोल ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून मुख्य कंत्राटदाराने वेळ ठरवून दिली, संध्याकाळी साडेसात ते रात्री बारा. मी हो म्हटलं. आता वाटतं, तिथेच चुकलो. पण तेव्हा या वेळेत काही खोट असू शकते हे मला ठाऊकच नव्हतं.

पद्धत आरटीकेची, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागच्या जागी सेंटिमीटरपर्यंत मोजण्याची. खारघरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर बेस, म्हणजे एका जागी ठेवलेला रिसीव्हर, साइटवर रोव्हर, म्हणजे पोलवरचा फिरता रिसीव्हर, मधलं अंतर साधारण चार किलोमीटर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही रिसीव्हर एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात. बेसची जागा पक्की माहीत असते, त्यामुळे बेस म्हणतो, ‘मला एवढी चूक दिसतेय’, आणि रोव्हर ती आपल्या आकड्यातून वजा करतो. सगळं जमलं की पडद्यावर ‘फिक्स’ येतं, उंची दोन-तीन सेंटिमीटरच्या आत. नाही जमलं तर ‘फ्लोट’, म्हणजे अर्धा मीटर इकडे की तिकडे, देव जाणे.

संशयितांची रांग

११ आणि १२ मार्चला काम व्यवस्थित झालं. १३ ला आठ वाजून गेल्यावर फिक्स जाऊन फ्लोट आलं, पाच मिनिटांनी परत फिक्स, परत फ्लोट. अकरानंतर आपोआप सगळं सुरळीत. १४ ला तेच, १५ ला तेच. १६ ला काहीच नाही. १८ ला काहीच नाही. १९ आणि २० ला पुन्हा रडगाणं.

पहिला संशय सिमवर गेला. बेसचं करेक्शन आम्ही इंटरनेटवरून घेत होतो. कंपनी बदलली, मग सिम काढून रेडिओ जोडला. फरक शून्य. दुसरा संशय कळंबोलीच्या ४०० केव्ही सबस्टेशनवर आणि डोक्यावरच्या तारांवर. ही शंका आमच्या मोठ्या स्टाफमनची, आणि तो ती इतक्या ठामपणे मांडायचा की दोन दिवस मीही मानली. पण तारा सकाळीही असतात आणि सकाळी रोव्हर त्याच खांबाखाली दहा सेकंदांत फिक्स देत होता. तिसरा संशय ट्रेलरवर. ट्रेलरमधले काही जण आपला माग लागू नये म्हणून सिग्नल बुजवणारं यंत्र ठेवतात, असं ऐकून होतो. चौथा संशय थेट यंत्रावर. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, “साहेब, फर्मवेअर अपडेट करा.” केलं. मग म्हणाला, “अँटेना पाठवा, पंधरा दिवस लागतील.” त्याच्याशी माझी जी बोलाचाली झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. आणि नंतर मला माफीही मागावी लागली.

आम्ही फ्लोटमध्ये पॉइंट घेत नव्हतो, थांबायचो. मग चेनेज ४४० चा आकडा चुकला कसा? फील्डबुक आणि रोव्हरची नोंद समोरासमोर ठेवली. तो पॉइंट २० तारखेला रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी घेतलेला, आणि पडद्यावर होतं ‘फिक्स’. खोटं फिक्स. उपग्रहाच्या लहरींची पूर्ण आवर्तनं मोजताना रिसीव्हर मध्येच अडखळला, चुकीचा पूर्णांक धरून बसला आणि आत्मविश्वासाने चुकीची उंची सांगून मोकळा झाला. फ्लोट म्हणजे निदान प्रामाणिक कबुली असते, ‘मला नक्की माहीत नाही’ अशी. खोट्या फिक्सची मला आजही भीती वाटते.

२१ ला ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजणारं यंत्र) घेऊन टीबीएमपासून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून सगळा पट्टा पुन्हा तपासला. बत्तीस पॉइंटपैकी सात बिघडलेले. सातही आठ ते अकरा या वेळेतले.

२२ मार्चची परीक्षा

सर्वेअर मुलीने सुचवलं की आज पॉइंट घ्यायचेच नाहीत. बेस आणि रोव्हर दोन्ही एका जागी ठेवून दर सेकंदाची कच्ची नोंद घ्यायची. मला वाटलं, एक संध्याकाळ फुकट जाणार. तिचं ऐकलं म्हणून हे प्रकरण सुटलं.

८ वाजून १० मिनिटांनी पश्चिमेकडच्या एका उपग्रहाची ताकद ४५ वरून २५ वर घसरली, वर आली, पुन्हा घसरली. सेकंदा-दोन सेकंदांत वरखाली. मग दुसरा, मग डोक्यावरचे दोन, मग पूर्वेकडचे. जणू आकाशातून कोणीतरी चाळणी पश्चिमेकडून पूर्वेला ओढत नेत होतं. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पहिल्यापेक्षा जास्त मार खात होता. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नोंदी एकावर एक ठेवल्या तेव्हा दिसलं की तीच पडझड खारघरच्या बेसवरही आहे, फक्त अर्ध्या मिनिटाच्या आसपास आधी. खारघर कळंबोलीच्या पश्चिमेला.

ट्रेलरमधलं यंत्र चार किलोमीटरवरच्या गच्चीत पोहोचत नाही, आणि पोहोचलं तरी अर्ध्या मिनिटाचं अंतर राखून पोहोचत नाही. तारा, सिम, अँटेना सगळे एका फटक्यात सुटले. जे काही होतं ते आमच्या वर होतं आणि पूर्वेकडे सरकत होतं.

माझी घाई

२४ मार्चला रविवार, होळी. दोघंही स्टाफमन अलिबागकडचे, ते शनिवारीच गावी गेले. २५ ला धुळवड. बेस बंद, सगळं बंद. २६ ला ऑफिसात आलो तर बातमी वाचली : २३ मार्चला सूर्यावर एक्स, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गाचा स्फोट झाला, त्याच्याबरोबर सुटलेला विद्युतभारित वायूचा लोळ साधारण दीड दिवसात पृथ्वीवर आदळला आणि २४ ला जी-४ दर्जाचं भूचुंबकीय वादळ झालं. पाचांच्या मापात चौथी पायरी. मी टेबलावर हात आपटला. सापडला चोर! लगेच मुख्य कंत्राटदाराला मेल केला : सौर वादळामुळे उपग्रहांचे सिग्नल बिघडले, दैवी आपत्ती समजून दंड माफ करावा, सोबत बातमीचं कात्रण.

मेल गेल्यावर मुलगी म्हणाली, “सर, वादळ रविवारी आलं. आपला घोळ १३ पासून आहे.”

तासाभरात कंत्राटदाराच्या इंजिनिअरचं उत्तर आलं, एकाच ओळीचं : वादळ २४ ला, चुका १३ ते २० ला, खुलासा करावा. ज्या रात्री वादळ होतं त्या रात्री आम्ही पुरणपोळी खात होतो. आणि आमचं काम बिघडलं त्या एकाही रात्री असं मोठं वादळ नव्हतं.

काकांचं निदान

मुलीच्या सोसायटीत एक काका राहतात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत उमेदीची वर्षं काढलेले. त्यांच्याकडे आलेख घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवला, वेळेचा रकाना पाहिला आणि विचारलं, “सूर्यास्त किती वाजता होता?” मी म्हटलं, पावणेसातच्या सुमारास. “मग झालं. ही लुकलुक आहे. तारे लुकलुकतात तसा रेडिओ सिग्नल लुकलुकतो. मार्च आहे, सूर्य ऐन भरात आहे. नसती झाली तरच नवल.”

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत असं. दिवसभर सूर्याच्या अतितीव्र अतिनील किरणांनी वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते आयनांबर. सूर्य मावळला की त्याचा खालचा थर झपाट्याने विरतो. नेमक्या त्याच वेळी विषुववृत्ताजवळ विद्युतक्षेत्र जोर धरतं आणि वरच्या दाट थराला आणखी वर उचलतं. खाली विरळ, वर दाट. घट्ट पिठलं रटरटताना तळातला फुगा जसा वर येऊन फुटतो, तसे विरळ हवेचे फुगे त्या दाट थरातून वर घुसतात. शेकडो किलोमीटर उंच, चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण लांबलेले, आणि सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने पूर्वेकडे सरकणारे. चार किलोमीटरला अर्धं मिनिट! आमच्या नोंदीतला आकडा त्यांनी न बघताच सांगितला तेव्हा मुलगी खुर्चीतून उठलीच.

मार्चच का? कारण विषुवदिनाच्या आसपास आपल्या रेखांशावर संधिप्रकाशाची रेषा चुंबकीय रेषांना जवळजवळ समांतर येते, त्यामुळे चुंबकीय रेषेच्या उत्तर आणि दक्षिण टोकाला एकदमच अंधार होतो आणि फुग्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. पण रोज होत नाही. १६ आणि १८ ला आम्ही सुटलो ते का, याचं उत्तर देताना काकांनी फक्त हात वर केले. कुठल्या संध्याकाळी फुगे येतील हे आदल्या दिवशी सांगणं अजून कुणालाही नीट जमत नाही.

मग सूर्यावरची यानं कशासाठी?

हा प्रश्न मी त्यांना जरा चिडूनच विचारला. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य-एल१ तेव्हा नुकतंच ठिकाणावर पोहोचलं होतं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत बसलं, ११ जानेवारीला त्याने सहा मीटर लांबीचा दांडा उलगडून चुंबकमापक बाहेर काढले. पेपरात फोटो, शाळांत भाषणं. आणि आम्ही कळंबोलीत फ्लोटमध्ये.

काका हसले. त्यांनी १८५९ पासून सुरुवात केली. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सौरडागांवर पांढरा झोत चमकलेला पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला. विषुववृत्ताच्या जवळपास त्या वादळाची इतकी चांगली नोंद जगात दुसरी सापडत नाही. सूर्य आणि कुलाबा यांच्यामध्ये तेव्हा काहीच नव्हतं. लोळ आला तो थेट दारात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापाच्या सुया बिघडतील म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. ती आजही चालू आहे, आणि ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आमच्या साइटपासून हाकेच्या अंतरावर, न्यू पनवेलमध्ये. चहाला त्या बाजूला गेलो की पाटी दिसायची. मी समजत होतो, खाणीबिणींचं ऑफिस असेल.

आज मधल्या वाटेवर पहारेकरी बसलेत. सोहो हे यान १९९५ मध्ये आणि एस हे यान १९९७ मध्ये सुटलं, दोन्ही त्याच एल-१ च्या परिसरात आहेत, डिस्कव्हर हे यान २०१५ मध्ये गेलं, आता आदित्य. यांची कामं दोन तऱ्हेची, आणि माझा घोटाळा झाला तो इथेच. एक, लांबून बघणं. सोहोचा किंवा आदित्यचा कॅमेरा सूर्यबिंब झाकून भोवतीचं प्रभामंडल टिपतो, लोळ सुटला की दिसतो, आणि पोहोचायला एक ते तीन दिवस असल्याने तयारीला वेळ मिळतो. दोन, अंगावर घेऊन मोजणं. सौरवारा यानावरून वाहतो तेव्हा त्याचा वेग, घनता आणि चुंबकीय दिशा मोजली जाते. दिशा दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच दार उघडतं, उत्तरेकडे असेल तर बरंचसं निभावतं. ही दिशा लांबून फोटोत नक्की कळत नाही, तिथे जाऊनच मोजावी लागते. मोजल्यावर हातात उरतात पंधरा मिनिटं ते तासभर.

पण हा सगळा बंदोबस्त वादळांचा. आमच्या फुग्यांना वादळ लागतच नाही. उलट काका म्हणाले की वादळात रात्रीची विद्युतक्षेत्रं उलटली तर फुगे दबूनही जातात. मुख्य वादळ आपल्या घड्याळात किती वाजता येतं यावर ते ठरतं. आमच्या नाल्यावर सूर्याचा जो हात पोहोचला तो रोजच्या उन्हाचा होता, फक्त सौरचक्राच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराच्या शिखरामुळे जड झालेला. तो हात मोजणारी उपकरणं तशी दुर्लक्षित. एसडीओ हे यान २०१० पासून पृथ्वीभोवती फिरत सूर्याचे देखणे फोटो पाठवतं आणि ते सगळीकडे छापून येतात. त्याच यानावर ईव्ह नावाचं एक उपकरण आहे, ते अतितीव्र अतिनील किरणांचा निव्वळ हिशोब ठेवतं. चित्र नाही, फक्त आकडे. माझ्या धंद्याला जवळचं ते. आदित्यवरचा पुण्याच्या आयुकात बनलेला सूट हा कॅमेराही अतिनीलच बघतो, पण २०० ते ४०० नॅनोमीटरचा. तो प्रकाश ओझोनच्या थराशी झगडतो, आयनांबर फोडणारे किरण त्याहून तीव्र. हा फरक समजायला मला दोन चहा लागले.

गगन ही विमानांसाठीची आपली उपग्रह-प्रणाली उभारताना इस्रोला आयनांबराचं स्वतःचं प्रतिमान बनवावं लागलं, बाहेरचं आयतं चाललं नाही. कारण हेच. आपण चुंबकीय विषुववृत्ताला चिकटून राहतो.

मग काय केलं

कंत्राटदाराला दुसरा खुलासा पाठवला, या वेळी कात्रणाशिवाय. २२ मार्चचे दोन्ही आलेख, बिघडलेल्या सात पॉइंटांच्या वेळा, सूर्यास्ताच्या वेळा. दैवी आपत्ती हा शब्द काढून टाकला. उपाय म्हणून लिहिलं की आरटीके पहाटे पाच ते आठ, संध्याकाळची पाळी टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) आणि ऑटो लेव्हलने, आणि प्रत्येक तळ दोनदा, मध्ये रोव्हर बंद-चालू करून. खरं तर एवढ्या कमी उताराच्या नाल्याला उंचीसाठी एकट्या आरटीकेवर विसंबणंच चूक होतं. सूर्य शांत असता तरी. हे मी खुलाशात लिहिलं नाही, इथे लिहितो.

त्यांनी वेळ बदलून दिली. पहाटे ट्रेलर असतातच, पण चालक झोपलेले असतात, त्यामुळे पोल त्यांच्या चाकांमध्ये ठेवला तरी कुणी ओरडत नाही. १९ एप्रिलला काम संपलं. फेरमोजणीचे पाच दिवस आमच्या खिशातून गेले आणि बिलातून काही टक्के कापले, ते कापलेलेच राहिले. मोठा स्टाफमन अजूनही म्हणतो की तारांचंच काम होतं.

१० मेला अक्षय्य तृतीया होती. रात्री साडेदहाच्या सुमारास जी-५ वादळ सुरू झालं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबूस उजेड दिसला, आदित्यच्या उपकरणांनी सौरवाऱ्याचा तडाखा नोंदला. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये पेरणीच्या हंगामात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर अडले, कारण तेही आमच्यासारख्याच आरटीकेवर चालतात. तिथे कामं ठप्प व्हायला असं वादळ यावं लागतं, आपल्याकडे मार्चमधली साधी संध्याकाळ पुरते.

११ तारखेला सकाळी इंजिनिअरचा फोन. “साहेब, पेपर वाचलात का? आपले लेव्हल बरोबर आहेत ना?”

मी म्हटलं, एप्रिलमध्येच संपलेत, पहाटेचे आहेत. तरी त्याने ऑटो लेव्हलचं पुस्तक मागवून घेतलं. बरोबर केलं.

सप्टेंबरमध्ये घणसोलीचं काम आलं. मुलीने फील्डबुकच्या पहिल्या पानावर तारीख, साइट, हवामान यांच्या खाली पेनाने एक जादा ओळ आखली होती : सूर्यास्त, ६.३८.